यादीत नाव दिसत नव्हतं

बाबा,

सकाळच्या शिफ्टला निघालोय. तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. कॉम्प्युटरला नेट सुरू झालंय, आत्याला व्हिडिओ कॉल लावून बघा. राउटर आता परत बंद-चालू करत बसू नका.

काल तुम्ही म्हणालात, "यादीत आपलं नावच दिसत नाही," आणि मी खेकसलो, "चष्मा लावून बघा जरा!" आपल्या वायफायचं नाव खरंच दिसत नव्हतं. शेजारचे फुकट वापरतात म्हणून मागच्या आठवड्यात मीच ते लपवलं होतं, पासवर्डही बदलला होता, आणि तुम्हाला सांगायचं साफ विसरलो. आता नाव दिसेल. नवा पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून स्क्रीनखाली चिकटवलाय.

ऑफिसात दिवसभर मी हेच तर करतो. कानाला हेडफोन लावून परक्या माणसांना सांगतो, "काका, घाबरू नका, आपण सावकाश बघू." घरी तेवढं तोंडातून निघालं नाही.

कागद शोधताना कीबोर्डखाली तुमची वही सापडली. आठवडाभर काय काय करून पाहिलंत, ते तारखेनिशी लिहिलंय. वायर काढून परत लावली. राउटर बंद करून शंभर आकडे मोजले. हिरवा दिवा लागतो, पण नाव नाही. शेवटची ओळ कालची आहे: "शेवटी मुलाला विचारलं. चिडला. दमला असेल."

दमलो नव्हतो, बाबा.