आईच्या गालातलं नाव

धनगरवाडी, वेल्ह्याच्या वर
सकाळ, शेरडं सोडायच्या आधी

तीर्थरूप सोनबामामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (डोकं तापलेलं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा पाय जरा जपून.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? म्हैस व्याली का? घरात आणखी कोणी असेल तर त्यांचीही खुशाली कळवावी, नाव घेत नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "मुद्द्याचं बोल" म्हणता आणि ठेवून देता. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण ठेवू नका.)

आई बरी आहे, हे आधी सांगतो. मिसरी लावून लावून तुमच्या बहिणीच्या गालात झालेली गाठ डॉक्टरांनी काढली, हे तुम्हाला कळलंच आहे. पण त्याआधी मी पुण्याच्या दवाखान्यात जो धिंगाणा घातला तो तुमच्या मेव्हण्यांनी, म्हणजे आमच्या दादांनी, तुम्हाला त्यांच्या बाजूनं सांगितला असणार, म्हणून आता माझ्या बाजूनं ऐका. गाठीचे डॉक्टर म्हणाले, गालाचं आतलं अस्तर काढावं लागेल, मग प्लास्टिक सर्जरीच्या मॅडम पुढचं बघतील. हे ऐकून माझं टाळकंच सरकलं. आमच्या आईला हिरॉईन करायची नाही, ती आहे तशी आम्हाला चालते, असं मी सगळ्या रांगेदेखत ओरडलो. (भोरचं कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हाही असाच ओरडलो होतो, पण तिथं आपटायला टेबल तरी होतं.) मॅडम शेजारीच उभ्या होत्या, पण काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसतं शिवून टाकलं तर तोंड आवळत जाईल. भाकरी सोडा, चमचाही आत जाणार नाही. चालेल?" मी खाली बसलो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. डाव्या हाताची, मनगटाजवळची पातळ कातडी शिरांसकट उचलायची, गालात आतून बसवायची आणि तिच्या शिरा मानेतल्या शिरांना जोडायच्या, म्हणजे ती तिथं जगते. दादांनी स्वतःच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे आंब्याचं कलम." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच." त्या क्षणी दादांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली, आणि मी ओळखलं की आता या बाईंनी मुंडकं बदलायचं म्हटलं तरी हे हो म्हणतील.

घोळ झाला तो आईनं हात पुढे केल्यावर. जी कातडी घ्यायची तिच्या बरोब्बर मधोमध लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदवलेलं नाव: नाथा. मामा, तुमच्या बहिणीनं दादांचं नाव आजवर कधी उच्चारलं नाही. माझं नाव सिद्धनाथ, पण त्यात दादा येतात म्हणून तिनं मला कधी पुरती हाकसुद्धा मारली नाही, 'सिद्धू'वर भागवलं. तिनं झटक्यात हात पदराखाली घेतला. "मालकांचं नाव तोंडात? आन त्येच्यावर भाकर चावू? मला न्हाई करायचं आपरेशन. चला घरी." मॅडम म्हणाल्या, मांडीची घेता येईल, पण ती जाड, गालात गादी कोंबल्यासारखी होईल, बोलणं जड जाईल. आई म्हणाली, मग बोलायचंच न्हाई. आणि पिशवी उचलून दारापर्यंत गेलीसुद्धा.

मला राहवेना. मी बाही वर सारली, हात मॅडमच्या पुढं धरला आणि म्हटलं, माझी घ्या! हवी तेवढी घ्या! सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. हातावर बदामासकट 'मोहिनी'. (मामा, जगात मोहिन्या पुष्कळ असतात. पत्र खाली ठेवू नका.) मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याची कातडी टिकत नाही. आणि टिकली असती तर आईंच्या तोंडात कोणाचं नाव गेलं असतं?" आई आपलं दुखणं विसरून दारातनं माघारी आली. "ह्ये कदी गोंदलंस रं मुडद्या?"

शेवटी दादा उठले. म्हणाले, "लगीन झाल्यापासनं माजं डोकं खातीयास, तवा न्हाई कुनाला इचारलंस. आता नाव खायाला कशाला मागंपुढं बघतीस?" रांग हसली, मॅडम हसल्या, आई पदराआडून हसली, आणि तिनं हात पुढे केला. (दादा नंतर नळावर उगाच फार वेळ तोंड धूत होते. हे त्यांना सांगू नका.)

ऑपरेशन दिवसभर चाललं. मग कितीतरी दिवस नाकातून नळीनं पेज. घशातली नळी निघाल्यावर सिस्टरनी विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?" "बयाबाई." बोबडं, पण आलं! "आणि मिस्टरांचं?" आई गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. सिस्टर घाबरल्या, मी तापलो, वाचा गेली म्हणून आरडलो, मॅडम धावत आल्या. आईनं शांतपणे होईल तेवढं तोंड उघडलं, डाव्या गालाकडे बोट केलं आणि म्हणाली, "वाचा की. लिवलंय."

आता रेडिएशनचे शेकही संपले. परवाच्या तपासणीत गाठीचं नाव नाही. हाताला मांडीची कातडी लावलीय, तीही धरली. रोज आरशापुढं तोंड उघडायचा व्यायाम करते, मऊ भात खाते. पहिले दिवस पदर तोंडावरून हलत नव्हता, काल मात्र वेल्ह्याच्या बाजारात तोंड उघडं टाकून भाव करत होती.

आपला आज्ञाधारक (आज्ञा पटली तर) भाचा,
सिद्धनाथ

ता. क. येत्या रविवारी आई एसटीनं वरव्याला येतेय. भात मऊ ठेवा, तिखट नको. मामींनी मिसरीची डबी लपवायची तसदी घेऊ नये, आई ती हुडकून विहिरीत टाकणार आहे. तिचं म्हणणं, तोंड परत मिळालंय तर पहिलं मोठं काम त्याच तोंडानं करीन: तुमच्या मोहिनीला माझ्यासाठी मागणी. मुद्दा हा होता, मामा.

ता. क. दुसरा. मोहिनीला मी आधीच विचारलंय. म्हणाली, "पयलं कॉलेज पुरं कर, न्हाईतर त्या मॅडमकडं जाऊन हातावरचं नाव सोलून घे." सोमवारपासून भोरला जातोय. प्राचार्यांची माफी मागून झाली. (टेबलाचीही.)

ता. क. तिसरा. हे लिहितोय तोवर अंगणातून हाक आली, "सिद्धनाथ! शेरडं सोड की रं!" पुरती. जन्मात पहिल्यांदा. मी पेन धरून तसाच बसलो, आणि गोठ्यातून दादांनीच आधी "ओ" दिली.