चौलच्या पडवीतली पोथीवाल्यांची बैठक

मी, आवडाबाई कोम कैलासवासी भागोजी राऊत, वय साठीच्या पुढे, धंदा जुन्या पोथ्या व पुस्तके दुरुस्त करणे, राहणार मौजे चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आपल्या घराच्या पडवीत दिवसाउजेडी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डावा डोळा अधू झाला आहे. उजवा डोळा आणि डोके शाबूत आहेत. वैद्यांनी तपासून तसे सांगितले आहे व ते खाली साक्ष घालणार आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. पितृपंधरवड्यात असले काम काढू नये असे शेजारच्या मनुबाई म्हणाल्या. मला तर गेलेल्या माणसांचा हाच पंधरवडा त्याला बरा वाटला.

कलम पहिले. घर. पोखरणीच्या तळ्यासमोरचे कौलारू घर, पुढची पडवी, मागची उतरत्या छपराची पाखी आणि फणसाचे झाड, हे माझ्या वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिलेले आहे. राऊतांच्या वडिलार्जित मिळकतीशी त्याचा संबंध नाही. कागद अलिबागेस वकिलांकडे आहे. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे की, माझ्या यजमानांचा पुतण्या अनंता गोविंद राऊत हा 'काकीच्या मागे घर माझे' असे गावात बोलत असतो. त्याला तसे का वाटते ते मला कळते. तो याच पडवीत माझ्या यजमानांजवळ बसून पोथीला हात लावायला शिकला. पण शिकला म्हणून जागा त्याची होत नाही.

हे घर मी बैठकीला देते. बैठक ही नोंदलेली संस्था नव्हे, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने तीन विश्वस्त नेमते: बोर्ली पंचतनचे जैनुद्दीन मुकादम, जिल्दसाज, रेवदंड्याच्या केसरबेन शहा, आणि खाडीपलीकडचे देवळाचे पंच येसाजी म्हात्रे. त्यांनी घर विकू नये, गहाण टाकू नये, कौले वेळच्या वेळी चाळून घ्यावीत, आणि दर कार्तिकात इथे बैठक भरवावी. बैठक म्हणजे काय हे कोर्टाला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून सांगते.

माझे यजमान मुंबईस जिल्दबांधणी शिकले आणि गावी येऊन पोथ्यांचे काम करू लागले. कसर लागलेले, ओल आलेले, वाळवीने खाल्लेले पान त्यांच्या हाती बरे होई. त्यांचा एकच दंडक होता की घरातली विद्या उंबरठ्याबाहेर जाऊ नये. त्यांनी मला शिकवले कारण मी उंबरठ्याच्या आत होते. अनंताला शिकवले कारण तो राऊत होता. ते गेल्यावर काम मी चालू ठेवले. गिऱ्हाईक प्रथम बिचकले, मग सवयीचे झाले.

सन १९२४ च्या हिवाळ्यात जैनुद्दीनभाई प्रथम माझ्या दारात आले. बरोबर त्यांच्या आजोबांच्या हातचे कुराण होते. पानापानावर मजकुराभोवती हिरवी रेघ ओढलेली आणि त्या हिरव्या रंगानेच कागद खाल्लेला. चौकटीतून फळी निसटावी तसा मधला मजकूर सुटून येत होता. मी म्हटले, "ठेवून जा. शिमग्यानंतर या."

ते म्हणाले, "काम द्यायला नाय आलों, बाई. इचारायला आलोंय. माझ्याकडं अशी आनखी हायेत."

"मी सांगितलं तर तुम्ही घरी जाऊन कराल. मला काय?"

"माझ्याकडं हाय तां मी सांगन."

मी हसले, कारण असा सौदा या धंद्यात कोणी करीत नसे. पण मला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. यजमानांनी 'ही गेली' म्हणून कोनाड्यात ठेवलेली एक पोथी होती, पाने एकमेकांना चिकटून घट्ट झालेली. ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाण्याचे पातेले मागितले, उकळू दिले, वर फडके ताणले आणि वाफेवर पोथी धरून बांबूची पातळ कामटी पानांमध्ये सरकवली. पहिले पान सुटले. मग दुसरे. मला रडू आले आणि रागही आला. राग कोणावर ते तेव्हा कळले नाही. यजमान इतकी वर्षे या माणसापासून दोन खाड्यांच्या अंतरावर राहिले आणि पोथी कोनाड्यात राहिली. मी त्यांना हिरव्या रेघेवर पातळ कागदाची पट्टी कशी बसवायची आणि खळीत पाणी किती कमी घालायचे ते दाखवले.

अनंताला हे कळल्यावर तो आला. बसला नाही. म्हणाला, "काकी, काकांनी जे कुणाला दाखवलं न्हाय, ते तू बाजारात मांडलंस."

"बाजारात नाही. पडवीत."

त्याने आपली हत्यारे उचलली आणि खालच्या आळीत वेगळे काम मांडले. त्यानंतर तो सणासुदीला येई, नमस्कार करी, पण पोथीविषयी बोलत नसे.

पुढच्या वर्षी केसरबेन आल्या. त्यांच्या घरच्या देरासरातले, म्हणजे जैन देवघरातले ग्रंथ त्या दर कार्तिक शुद्ध पंचमीला बाहेर काढून पुसतात, वारा देतात आणि फळ्यांमध्ये घट्ट बांधून ठेवतात. त्या म्हणाल्या, "आवडाबेन, पाऊस गेला, हवा सुकी झाली. पांचमच्या मागंपुढं समदे एका ठिकानी बसा ना." तेव्हापासून बैठक कार्तिकात. हळूहळू अलिबाग, श्रीवर्धन, मुंबई इथूनही माणसे येऊ लागली. कोणी देवळाचे, कोणी मशिदीचे, कोणी छापखान्यातले, कोणी नुसतेच घरच्या पोथीवर माया असलेले.

बैठकीचा नियम एकच, आणि तो विश्वस्तांनी मोडू नये. आपल्या हातून जे बिघडले ते प्रत्येकाने आधी दाखवायचे, साधले ते नंतर. बिघडलेले पाहून कोणी हसायचे नाही. साधलेले कोणी झाकायचे नाही.

जेवणाचा नियम नाही, पण वहिवाट आहे. केसरबेन कांदाबटाटा खात नाहीत आणि दिवस मावळण्याआधी जेवतात. त्यांची चूल आधी. जैनुद्दीनभाई घरून डब्यात सुरमई आणतात आणि फणसाखाली बसून खातात. काही मंडळी त्यांच्याकडे पाठ करून बसतात, मग वासाने वळतात. यात कोणी ढवळाढवळ करू नये.

आता येसाजी म्हात्रे विश्वस्त का, ते सांगते. त्यांचा या धंद्याशी संबंध नव्हता. पाच वर्षांपूर्वी श्रावणात मोठे वादळ झाले, त्यात त्यांच्या गावच्या देवळाची कौले उडाली आणि पोथ्यांची पेटी पाण्यात भिजत राहिली. येसाजींनी ती होडीत घालून माझ्या दारी आणली. मी झाकण उघडले तेव्हा ते दुसरीकडे पाहत होते.

"वैनी, यातलं काय ऱ्हाईल?"

"आज सांगता यायचं नाही," मी म्हटले.

एकटीचे काम नव्हते. निरोप गेल्याबरोबर केसरबेन जुन्या धुतलेल्या साड्यांचे गाठोडे घेऊन आल्या. जैनुद्दीनभाई भर पावसात राजपुरीची आणि साळावची खाडी उतरून, उरलेली वाट चालत आले. पडवी, ओटी, माजघर, सगळीकडे दोऱ्या ताणल्या. रुमाल, म्हणजे पोथी बांधलेले बासन, सोडायचा, पान सोडवायचे, साडीच्या तुकड्यात ओल टिपायची, दोरीवर टाकायचे. ऊन नाही, विस्तव नाही, नुसता वारा. मी स्वयंपाक मागच्या पाखीत नेला.

काम निम्म्यावर आले असता खाडीपलीकडून त्या गावचे पंच आले. येसाजी पुढे होते आणि अनंता त्यांच्याबरोबर होता. अनंता म्हणाला, "देवाची पोथी हाय. तिला कुनाचाबी हात लागायचा?"

येसाजी खाली पाहू लागले. बाकीचे पंच म्हणाले की पेटी परत द्या, अनंता करील. मी म्हटले, "ओली नेलीत तर वाटेतच पानाला पान चिकटेल. सुकू द्या, मग काय ते बोला."

जैनुद्दीनभाईंनी हातातले पान दोरीवर टाकले आणि उठले. "मी भायेर बसतों," ते म्हणाले. "बाई पानं उलटतील, मी सांगन. पन आज न्हेऊ नका. आज न्हेलीत तर ग्येली."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी असा निवाडा झाला की जे रुमाल सोडले ते इथेच राहावेत, आणि जे सोडायचे राहिले ते अनंताने न्यावेत. अनंता पेटी घेऊन गेला. येसाजी मागे राहिले, राखणीला म्हणून.

जैनुद्दीनभाई वळचणीखाली पाट टाकून बसले. पाऊस लागून राहिला होता. खिडकीतून त्यांचा आवाज येई, "कोपरा धरू नको, बाई. पोटाखालून कामटी घाल. हलक्या हातान." मी तसे करी. केसरबेन टिपून घेत. संध्याकाळच्या सुमारास माझी बोटे गारठली, पान हातातून सुटायला आले. येसाजी इतका वेळ खांबाला टेकून होते. ते उठले, हात धुऊन, पुसून आले आणि म्हणाले, "मी धरू?" मी एक कड त्यांच्या हाती दिली. जैनुद्दीनभाई बाहेरून सांगत होते आणि येसाजींना पावसाच्या आवाजात नीट कळत नव्हते. दोनदा त्यांनी "काय?" म्हणून विचारले. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "चाचा, आत या. पावसात मला आयकाय येत न्हाय."

जैनुद्दीनभाई आत आले, पाय पुसले आणि बसले. त्यावर पुढे कोणी काही बोलले नाही, गावातही नाही. बोलायचे तर आधी येसाजींशी बोलावे लागले असते.

आमच्याकडची पाने वाचली. डाग राहिले, पण अक्षर शाबूत. अनंताने आपल्याकडचे रुमाल चुलीवरच्या माळ्यावर सुकवले. त्या पावसात त्याला दुसरे सुचले नाही. कार्तिकात येसाजी स्वतः बैठकीला आले आणि त्यातला एक रुमाल चटईवर ठेवला. लाकडासारखा कडक झाला होता. बाकीचे अनंताने खाडीत सोडले असे त्याने येसाजींना सांगितले होते. नियमाप्रमाणे कोणी हसले नाही. जैनुद्दीनभाईंनी वाफ दिली. कडेची पाने आली, मधली आली नाहीत. त्यात देवीच्या जत्रेतली गाणी होती. आता जत्रेत बायका गाताना एका ठिकाणी थांबतात आणि पुढचे कडवे धरतात. मधले कोणाला पुरते आठवत नाही.

गावाने अनंताला नावे ठेवली. मी ठेवत नाही. त्याचा हात माझ्या हाताहून चांगला आहे, हे यजमान म्हणत आणि ते खरे आहे. त्याला येत नव्हते असे नाही. त्या दिवशी त्याच्याजवळ विचारायला कोणी नव्हते, एवढेच.

कलम दुसरे. हत्यारे. हाडाची घोटणी, अकीकाचा गुळगुळीत दगड, सुया, बारीक सुरे आणि पोथी दाबायचा लाकडी शिकंजा हे सर्व जैनुद्दीनभाईंची कन्या अख्तरुन्निसा हिला द्यावे. तिने चिकटवलेली कागदाची पट्टी बोटाला लागत नाही इतकी साफ बसते. हत्यारे तिने वापरावीत. आठवण म्हणून कपाटात ठेवायची असतील तर नकोत.

कलम तिसरे. पोस्टातली शिल्लक. तिच्यातून बैठकीला लागणारा पातळ कागद, तांदळाचे पीठ आणि लांबून येणाऱ्यांचे होडी-तरीचे भाडे द्यावे. माझ्या दिवसकार्यावर खर्च करू नये.

कलम चौथे. मुंबईच्या एका गृहस्थांनी बैठकीत शिकलेली खळ एका मासिकात आपल्या नावावर छापली. नावाचा मला राग नाही, देण्यासाठीच ती सांगितली होती. पण घाईत त्यांच्याकडून मोरचूद घालायचे लिहायचे राहिले. त्याशिवाय ती खळ म्हणजे कसरीला मेजवानी आहे. केसरबेननी त्यांना पत्र धाडून दुरुस्ती छापवून घ्यावी.

कलम पाचवे. मी गेल्यावर घरातली एकही पोथी माझ्याबरोबर पाण्यात किंवा विस्तवात देऊ नये. पुण्य म्हणूनही नाही.

कलम सहावे. अनंता राऊत यास घर, जिन्नस वा पैसा यातले मी काही देत नाही. हे रागाने नव्हे. त्याला बैठकीत जागा द्यावी. मागे नव्हे, ओळीत. तो आला तर बाकी सर्वांना लागू असलेला नियम त्यालाही लागू, कमी नाही आणि जास्त नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकील म्हणतात. चटईवरची जागा ही मिळकत होते का, असे मी त्यांना विचारले. ते कायद्याचे पुस्तक चाळून नाही म्हणाले. म्हणून अनंताने यावर साक्ष घालावी अशी माझी इच्छा आहे. त्याला निरोप धाडला आहे. न आल्यास मनुबाईंचा अंगठा घ्यावा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे बदलले तर माझ्याच अक्षरात असेल, आणि माझे अक्षर वरील तिन्ही विश्वस्त ओळखतात.

सही: आवडाबाई कोम भागोजी राऊत
मुक्काम चौल, सोमवार, तारीख १२ ऑक्टोबर १९३६

साक्षीदार:

१. अंबाजी रामजी वैद्य, राहणार चौल. आवडाबाईंनी शुद्धीत, वाचून, माझ्यासमक्ष सही केली.

२. अनंता गोविंद राऊत, राहणार चौल. काकीने सर्व वाचून दाखवले व माझ्यासमोर सही केली. माझ्या माळ्यावर अजून दोन रुमाल आहेत. खाडीत सोडलेले नाहीत. त्यांची पाने माझ्याने सुटली नाहीत. कार्तिकात घेऊन येईन.