कसवाच्या काठावर सोनेरी घड्याळ

ओट्टप्पालम, सोमवार, ९ फेब्रुवारी २००४, सकाळचे सव्वासहा. मुंडूचा रफू केलेला काठ उजेडाकडे धरून पाहत होतो, तो बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप चंद्रनमामा यांस, प्रजीषचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला शारजाच्या हवेत कमी झाला असेल अशी आशा आहे. आईचा गुडघा फक्त जिना चढताना दुखतो, आणि आपल्या घराला जिना नाही, तेव्हा काळजी नसावी. तुम्ही पाठवलेलं सोनेरी घड्याळ सुखरूप पोचलं. ते घालून मी काल शेखरन मास्तरांची मुलगी अश्वती हिला बघायला गेलो. (ही चौथी मुलगी. आधीच्या तिघींकडून निरोपच आला नाही, म्हणून आईने या वेळी देवाला केळ्यांचा घड बोलला होता.)

सगळी अडचण घड्याळ कशावर घालायचं याची होती. मी टाइल्सच्या दुकानात कामाला असल्यामुळे रंगाला रंग जुळला नाही की मला झोप लागत नाही. काळी पँट काढली, तर पट्ट्याचं बक्कल चंदेरी. सोनेरी बक्कल आणलं, तर बूट काळे आणि ते वाईट दिसायला लागले. मग माझा मित्र बिजू म्हणाला, ‘अरे शहाण्या, बूट तर दारातच काढणार. मास्तर काय उंबऱ्याबाहेर येऊन बघणारेत?’ तेव्हा सुचलं की कसवाचा पांढरा मुंडू लुंगीसारखा नेसावा. त्याच्या जरीच्या काठाशी सोनेरी घड्याळ जुळेल. दुकानात प्रत्येक काठावर मनगट ठेवून पाहिलं. नववा मुंडू उघडताना विक्रेता म्हणाला, ‘साहेब, लग्न तुमचं आहे की घड्याळाचं?’ मी राग मानला नाही, कारण दहावा अगदी तंतोतंत जुळला.

मास्तरांच्या घरापुढे पाट आहे. तो ओलांडायला मी मुंडू गुडघ्यावर दुमडून कमरेला खोचला होता. उडी मारून वर पाहतो तो फाटकात खुद्द मास्तर. वडीलधाऱ्या माणसापुढे मुंडू दुमडलेला ठेवायचा म्हणजे तोंडावर शिवी दिल्यासारखंच! मी घाईघाईने तो खाली सोडला आणि घड्याळाची कडी काठाच्या जरीत अडकली. हात सरळ करावा तर मुंडू वर येतो, मुंडू खाली ठेवावा तर मी वाकडा होतो. म्हणून डाव्या बाजूला झुकून, एका हाताने नमस्कार करून मी आत गेलो. ‘कंबर धरली काय रे?’ मास्तरांनी विचारलं. बिजूने (याला सोबत नेणं ही माझीच चूक) तत्परतेने सांगितलं, ‘लहानपणापासूनच आहे.’

मी खुर्चीत बसून डावा हात नडगीवर ठेवला आणि उजव्या हाताने केळ्याचे वेफर्स खाल्ले. इथवर निभावलं. अश्वती चहा घेऊन आली, मी मान वर केली, आणि नेमके तेव्हाच मास्तर म्हणाले, ‘घड्याळ झकास आहे. किती वाजले?’

मामा, विचारणाऱ्याला वेळ सांगायची माणसाच्या हाताला सवयच असते. मी हात वर केला. मुंडूही वर आला, थेट छातीपर्यंत. माझी निळ्या पट्ट्यांची चड्डी मास्तर, त्यांची पत्नी आणि दाराआडच्या दोन मावश्या अशा सगळ्यांनी पाहिली. तिचा रंग कशाशीही जुळत नव्हता.

मावश्या आत पळाल्या. अश्वतीने ट्रे ठेवला, केसांतली पिन काढली आणि माझ्यासमोर खाली बसली. ‘हलू नका. ओढलंत तर सगळी जर निघून येईल.’ मुलामुलीला चार शब्द बोलायला एकटं सोडतात ना, तसं त्यांनी आम्हाला सोडलं नाही. पण लाजेने सगळ्यांनीच तोंडं फिरवली होती, त्यामुळे तेच झालं. ती हळूच म्हणाली, ‘वेळ तरी सांगा आता.’ मी सांगितली. ‘दीड तास मागे आहे,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘मामांनी लावून पाठवलंय, तिकडची वेळ आहे. बदलायला मन होईना.’ तिने वर पाहिलं. ती हसली नाही, मामा. आधी हसून झालं होतं, पण या वेळी नाही.

संध्याकाळी होकार आला. मास्तर म्हणाले, ‘मुलगा कसा आहे हे इतक्या लवकर कुणाचंच कळत नाही. याचं कळलं.’

तुमचा भाचा,
प्रजीष

ता. क. घड्याळ उत्तम आहे. मी लग्नात घालणार नाही.

ता. क. २. शर्ट दोनशे ऐंशी, मुंडू साडेतीनशे, बक्कल साठ (वाया), रफू पंचवीस. सगळे चुकते केले, देणं कुणाचं नाही. तेव्हा या वेळी पैसे पाठवू नका.

ता. क. ३. ते तिकिटाला ठेवा. साखरपुड्याला मास्तरांसमोर आपल्या बाजूने कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. बाबा नाहीत, तेव्हा आईने तुमचं नाव सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. घासलेलीच. प्रत्येकासाठी काहीतरी आणावं लागतं म्हणून तुम्ही सहा वर्षं येणं टाळताय, हे तिला माहीत आहे. मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मामा रिकाम्या हाताने येणार आहेत. सगळ्यांनी कधी येणार, एवढंच विचारलं.