किकऑफबद्दल माझे मत अजून तेच आहे

मी, दिगंबर नारायण खांबेटे, वय सत्याहत्तर, मूळ गाव सांगली, हल्ली मुक्काम प्लेनो, टेक्सस, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट गेले काही महिने या घरात एक व्यक्ती माझ्याशी इतक्या सभ्यपणे वागते आहे की थोडा दबाव आला असता तर बरे वाटले असते. संपूर्ण स्वहस्ताक्षरातले मृत्युपत्र टेक्ससमध्ये चालते असे वकीलबाईंनी सांगितले आहे. भाषांतराचे काम राजीवने बघावे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो. त्यांत मी स्वतःविषयी जे चार चांगले शब्द लिहिले होते, तेही रद्द समजावेत.

कलम १. मी राहतो ते घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझी पत्नी संध्या गेल्यावर माझा मुलगा राजीव, सून सुलेखा आणि नात मोना माझ्यासोबत राहायला आले. माझ्या पश्चात हे घर सुलेखा आणि राजीव यांचे समसमान. सुलेखाचे नाव आधी लिहिले आहे ते मुद्दाम. पन्हाळीतली पाने शिडीवर चढून तीच काढते, आणि राजीव खालून सूचना देतो. हा गुण त्याने माझ्याकडून घेतला आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि निवृत्तीचा फंड यांचे दोन भाग करावेत. एक राजीवचा, एक मोनाच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी. मोनाच्या भागाला कोणी भरपाई समजू नये. हे संध्या असतानाच आमचे ठरले होते. पुढे जे घडले त्याची भरपाई पैशात होत नाही, आणि करायचा प्रयत्न केला तर मला आणखी लाज वाटेल.

कलम ३. गराजमधली माझी सगळी हत्यारे सुलेखाला. मी जन्मभर टेलिफोनच्या यंत्रांच्या कारखान्यात क्वालिटीचे काम केले. कोणती चाचणी ठेवायची आणि कोणती काढून टाकायची हे ठरवणे माझ्याकडे होते. नट ठराविक जोराने आवळायचा टॉर्क रेंच वापरून झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर त्याची स्प्रिंग खराब होते. सुलेखाला हे माहीत आहे. तरीही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कलम ४. माझा लाउडस्पीकर आणि माईक आमच्या महाराष्ट्र मंडळाला. मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी गणेशोत्सवात माझे भाषण चालू असताना माझ्या हातातून माईक काढून घेतला होता. आरती खोळंबली होती, लोकांचा मसालेभात गार होत होता. त्या गृहस्थांशी मी पुढे कित्येक वर्षे बोललो नाही. तो राग मी आज सोडतो. त्यांनी केले ते बरोबर होते. असा एखादा गृहस्थ मार्चमध्ये हवा होता.

कलम ५. टीव्हीसमोरची आडवी होणारी खुर्ची माझे मित्र शैलेंद्र बोरकुटे यांना. दर रविवारी ते माझ्याकडे अमेरिकन फुटबॉल बघायला येतात, आणि सामन्यापेक्षा आमचाच आवाज मोठा असतो. वाद एकच. टचडाऊन झाला की दोन खांबांच्या मधून बॉल मारून एक जादा गुण मिळवतात, ती किक ठेवावी की काढावी? आणि प्रत्येक गुणानंतर बॉल लांब मारून समोरच्या टीमला देतात, दोन्ही बाजूंची पोरे पूर्ण वेगाने एकमेकांवर धावून जातात, ती किकऑफ ठेवावी की काढावी? माझे म्हणणे, दोन्ही काढा, खेळ सुधारेल. जादा गुणाची किक चुकतच नाही, म्हणून ती कंटाळवाणी. आणि किकऑफमध्ये पोरांची डोकी फुटतात. शैलेंद्र मूळचे नागपूरचे. ते म्हणत, "दिगंबरराव, बाकी सगळ्या जागांना दांडगे पोट्टे लागतात. हलक्या पोराला टीममध्ये शिरायला हा एकच दरवाजा आहे, तो काहून बंद करून राहिले तुम्ही?" मी म्हणायचो, "दरवाजाचं सोडा, आकडे काय म्हणतात ते बोला."

तो हलका पोर कोण, हे शैलेंद्र कधी नाव घेऊन बोलले नाहीत. भला माणूस. मला समजायला हवे होते. खुर्चीची डावी कळ अडकते, तिला जरा हिसका द्यावा.

कलम ६. आता जे घडले ते. मृत्युपत्रात याची गरज नाही असे वकीलबाई म्हणतील. मला आहे.

माझी नात मोना अकरावीत आहे. अंगाने किरकोळ. लहानपणी सॉकर खेळायची, तिथून तिच्या शाळेच्या कोचने तिला फुटबॉलच्या टीममध्ये किक मारायला घेतले. त्या टीममध्ये मुलगी ती एकटी. आमच्या भागातल्या काही शाळांची मिळून एक छोटी लीग आहे. त्या लीगने ठरवले की एक मोसम प्रयोग म्हणून किकऑफ आणि जादा गुणाची किक या दोन्ही बंद करून बघाव्यात. त्यावर मार्चमध्ये जाहीर सुनावणी ठेवली. कोणीही यावे, तीन मिनिटे बोलावे.

माईक आणि तीन मिनिटे! मी त्याच दिवशी नाव दिले. दोन आठवडे तयारी केली. भाषण शैलेंद्रना ऐकवले. शेजारच्या मृणालिनी सबनीस यांना कुंपणावरून ऐकवले. इथे एम.एस. करणारा पुण्याचा देवांग पारसनीस अधूनमधून आमच्याकडे जेवायला येतो, त्याला वरणभातासोबत ऐकवले. मोनाची खोली माझ्या खोलीला लागून आहे. तिला ऐकवले नाही. नंतर मी राजीवला म्हणालो की सांगायचे राहून गेले. राहून गेले नव्हते. ती नाराज होईल आणि माझ्या भाषणाची धार जाईल, म्हणून मी सांगितले नाही.

सुनावणीत मी छान बोललो. हे लिहितानाही लाज वाटते, पण छान बोललो. ज्या चाचणीत सगळेच पास होतात ती चाचणी आम्ही कारखान्यातून काढून टाकायचो, असे म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. मग मी विनोद केला. म्हणालो, "माझी नात ज्या टीममध्ये आहे तिच्या सगळ्या सामन्यांना मी जातो. त्या किकचा मला फार उपयोग होतो. तेवढ्या वेळात माझा थर्मासमधून चहा ओतून होतो."

सभागृह हसले. हसण्याची ती लाट येत असतानाच मला तिसऱ्या रांगेत मोना दिसली. टीमची जर्सी घालून बसली होती. शेजारी दुसऱ्या शाळांमधली किक मारणारी तीन मुले होती. माझ्या नावानंतर दोन नावे सोडून तिचेही नाव होते, हे मला माहीत नव्हते. मी तिला पाहिले. थांबता आले असते. लोक हसत होते म्हणून मी थांबलो नाही. थर्मासच्या झाकणाबद्दल आणखी एक वाक्य टाकले.

टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो तर चारसहा जण हात मिळवायला आले, आणि मी त्यांच्याबरोबर बोलत बोलत बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो. मोना बोलली तेव्हा मी तिथे एका गृहस्थांना कारखान्यातले किस्से सांगत होतो. घरी येताना ती तिच्या मैत्रिणीच्या गाडीने गेली. गाडीत मी राजीवला विचारले, "मोना कशी बोलली रे?" राजीवने रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही आत नव्हतात?"

लीगने प्रयोग मंजूर केला. ऑगस्टमध्ये कोचने मोनाला बोलावून सांगितले की आता नुसत्या किकसाठी वेगळी जागा ठेवता येणार नाही. तिने घरी भांडण केले नाही, दार आपटले नाही. जेवताना "आजोबा, मीठ प्लीज" म्हणते. मी दिले की "थँक यू" म्हणते. शुक्रवारी सामन्यांना जात नाही. मंडळात लोक अजून मला भेटून म्हणतात, "काका, काय बोललात हो त्या दिवशी!" तेव्हा मला कुठे तोंड लपवू असे होते.

कलम ७. माझे मत. मते ही मिळकत नव्हे, पण माझ्याजवळ तीच सगळ्यात जास्त आहेत, म्हणून त्यांची विल्हेवाट लावतो. किकऑफ बंद केली ते योग्य झाले असे मला अजूनही वाटते. या मोसमात डोक्याला मार लागलेली मुले कमी झाली असे लीगने कळवले आहे. ती कोणाची तरी नातवंडे आहेत. मोनासाठी मी हे मत बदलले असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि तिला ते लगेच कळेल.

जादा गुणाच्या किकबद्दल मात्र माझे मत मी मागे घेतो. ते चूक होते म्हणून नव्हे. चूक की बरोबर हे मला माहीत नाही. मैदानावर बसून मी मोनाची एकही किक पाहिलेली नाही. चहाचा विनोद खरा होता. सप्टेंबरमध्ये मी सुलेखाच्या फोनवर मागच्या वर्षीचे व्हिडिओ पाहिले, एकट्याने, दार लावून. समोरून तिच्या दुप्पट आकाराची पोरे हात वर करून धावत येतात. ती त्यांच्याकडे बघत नाही. मान खाली घालून चार पावले टाकते, आणि बॉल गेल्यावर मगच वर बघते. इतके दिवस मी समजत होतो की काम सोपे आहे म्हणून ते चुकत नाही. त्या व्हिडिओत मागून कोणीतरी "शाबास पोरी" म्हणून ओरडते. तो आवाज शैलेंद्रचा आहे. मी तिथेच होतो, त्यांच्या शेजारच्या सीटवर, पाठ फिरवून.

कलम ८. माझ्यामागे मंडळाने शोकसभा ठेवू नये. ठेवलीच, तर भाषणे होऊ नयेत. बटाटेवडे चालतील.

कलम ९. माझी जुनी निळी गाडी मोनाला. तिने राजीवकडे निरोप दिला आहे, "टेल हिम आय डोन्ट नीड द कार." तरी लिहून ठेवतो. तिने नको म्हटले तर राजीवने आग्रह करू नये, आजोबांचा आत्मा वगैरे मध्ये आणू नये. कलम ६ आणि ७ मात्र राजीवने तिला इंग्रजीत वाचून दाखवावीत, काही न गाळता, आणि बाकी कलमांच्या आधी. खरे तर हे तिला कागदावरून कळू नये. मीच सांगायला हवे. माझ्याकडून तेवढे धाडस झाले नाही तरच या कलमाचा उपयोग व्हावा. लीग जानेवारीत पुन्हा सुनावणी घेऊन नियम कायम करायचा की काढायचा ते ठरवणार आहे. मार्चमध्ये फार छान बोललात म्हणून त्यांनी मला पुन्हा आमंत्रण पाठवले आहे. ते आल्यापासून मला नीट झोप नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सुलेखाची नेमणूक करतो. ती कमी बोलते आणि काम पुरे करते.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, खाली सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सह्या केल्या. या दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. कलम ६ मधले भाषण त्यांनी आधीच ऐकले आहे, तेवढा त्रास पुरे.

दिगंबर नारायण खांबेटे
साक्षीदार: मृणालिनी सबनीस
साक्षीदार: देवांग पारसनीस
प्लेनो, टेक्सस. १६ नोव्हेंबर २०२५

पुरवणी. वरील मृत्युपत्राला जोडून, माझ्याच हाताने, दुसऱ्या दिवशी.

आज संध्याकाळी मोना टोस्टरपाशी उभी होती. घरात आम्ही दोघेच. मी कलम ७ मधले सगळे तिला तोंडी सांगितले. किकऑफचेही सांगितले. तिने टोस्टला लोणी लावता लावता ऐकले. मग सुरी खाली ठेवून विचारले, "डिड यू सी मी? इन द हॉल? चहाचा जोक केलास तेव्हा?"

नाही म्हणता आले असते. दिवे डोळ्यांवर होते, माझा मोतीबिंदू सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटले, "हो. पाहिलं."

"आय नो," ती म्हणाली. "आय सॉ यू सी मी."

मला रडू आले. तिच्यासमोर आले. तिने पेपर टॉवेल फाडून दिला. मी म्हटले, "जानेवारीतलं माझं नाव मी काढून घेतो."

"नो. डोन्ट. यू स्टिल थिंक यू आर राइट, सो गो अँड से इट. बट आय ॲम राइट आफ्टर यू. मी त्यांना सांगून नाव तिथे टाकून घेतलंय." टोस्टची प्लेट घेऊन ती जिन्यापर्यंत गेली आणि वळली. "अँड आजोबा, धिस टाइम, स्टे इन द रूम."

म्हणून ही पुरवणी. सुनावणी १७ जानेवारीला सकाळी आहे. तोपर्यंत मला मरायला सवड नाही. तरीही हे मृत्युपत्र त्याआधी अमलात आणायची वेळ आलीच, तर व्यवस्थापक सुलेखा हिने, इतर कोणतीही वाटणी करण्याआधी, माझ्या जागी त्या सभागृहात जाऊन बसावे, आणि मोनाचे बोलणे पुरे होईपर्यंत उठू नये.

दिगंबर नारायण खांबेटे
प्लेनो, टेक्सस. १७ नोव्हेंबर २०२५