सगळे दिवे निळे

आप्पा, तुमच्या नातीनं हेलिकॉप्टरला दिवे लावले आणि त्या दिव्यांपायी माझे थोरले दीर आमच्याशी बोलेनासे झाले आहेत. हेलिकॉप्टर म्हणजे सभेला पुढारी येतात ते नव्हे. रिमोटवर उडणारं, माझ्या हाताएवढं लांब. खेळणं म्हटलं की ती रागावते, "आई, मॉडेल म्हण." तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात रेडिओसुद्धा नव्हता, म्हणून तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मी आता नांदेडला शाळेत शिकवते, त्यामुळे पहिल्यापासून सांगायची सवय आहे. समोर ऐकणारं कोणी नसलं तरी चालतं. वर्गात तरी कोण ऐकतं!

यंदाचं साल पुन्हा तुम्ही गेलात त्या सालासारखंच दुष्काळी आहे. टँकर आला की बायका पदर खोचून धावतात, मी पण धावते, तेव्हा मास्तरीणबाई म्हणून कोणी रांगेत पुढं सोडत नाही. आणि पेपरात परत नव्या जिल्ह्याची भाषा सुरू झाली आहे, हा तालुका इकडून तोडणार, तो तिकडं जोडणार. लातूर जिल्हा झाला तेव्हा आपल्या निलंग्याकडं पेढे वाटले होते. दुष्काळ आणि नवा जिल्हा ही जोडी मी एकदा पाहिली आहे, म्हणून कोणी त्याचं कौतुक सांगू लागलं की मी तिथून उठून जाते. त्यात पोरीनं आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. मी नको म्हणाले, आठ दिवस अबोला धरला, पण पालथ्या घड्यावर पाणी. पास झाली आणि लाईनीवरची नोकरीही लागली, भोकरकडं. जयंती झाली की रुजू व्हायचं ठरलं. खांबावर चढायची नोकरी आहे, आप्पा. तुमचीच.

हेलिकॉप्टर मुळात माझ्या पुतण्याचं. त्यानं पुण्याहून आणलं, दोनदा पाडलं आणि मोडकं इथंच टाकून गेला. पोरीनं ते उघडून नीट केलं. यंदा पाण्याअभावी जयंतीची मिरवणूक साधी काढायची ठरली, तर पोरांनी टूम काढली की मिरवणुकीच्या कडेनं हे दिवे लावून उडवायचं. मग ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून तांदळाएवढ्या दिव्यांना बारीक तारा जोडू लागली. एकेका जोडाला कथलाचा डाग द्यायचा, फुंकायचं, ओढून बघायचं. शेपटाला दोन दिवे जास्त झाले तर सगळं मागं कलंडायला लागलं. तिनं ते पंख्याच्या दांड्याला बोट लावून लटकावलं, तराजूसारखं पाहिलं आणि बॅटरी जराशी पुढं सरकवली. मी पोळ्या लाटत होते. तिनं तारांना हात घातला की मी उठायची, बॅटरीची पिन काढायची आणि बॅटरी मुठीत धरून उभी राहायची. ती हसायची. "आई, एवढ्याशा बॅटरीनं मुंगीसुद्धा मरणार न्हाई." मी म्हणायची, "असू दे. माझ्या हातात असू दे."

हे मी कुठून शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही खांबावर चढायच्या आधी डीपीच्या पेटीतले चिनीमातीचे फ्यूज स्वतःच्या हातानं काढून खिशात घालत होता. आपल्याकडचा रिवाजच तसा: लाईन गेली की विहिरीवरचा माणूस वाट बघत बसत नाही, सरळ डीपीवर जातो आणि फ्यूज बसवतो. मोटार चालली पाहिजे, खांबावर कोण आहे हे पाहायला वेळ कुणाला? म्हणून फ्यूज तुमच्या खिशात. एकदा तुम्ही काम उरकून तसेच घरी आलात, चुलीपुढं जेवायला बसलात आणि बसताना खिसा खडखडला. आई म्हणाली, "आवो, सगळं गाव अंधारात घातलं की तुम्ही!" तुम्ही भाकरीचा घास तसाच टाकून सायकल काढलीत. आम्ही सगळे पोट धरून हसतो आहोत आणि तुम्ही अंगणातून ओरडताय, "हसा, हसा!" आणि एकदा मी ते फ्यूज खिशातून काढून भातुकलीत मांडले, तेव्हा तुम्ही मला थोबाडीत दिलीत. आयुष्यात एकदाच. "ह्यो माझा जीव हाय, खिशात घिऊन फिरतो मी, अन् तू खेळून राहिलीस?" मी रडले, मग तुम्ही मला खांद्यावर घेऊन फिरवलंत. गाल दुखला होता, तो अजून आठवतो.

तर दिवे. तिनं पुढं निळे लावले, पोटाखाली पांढरा आणि शेपटाला लाल. विहारासमोर जयंतीची कमिटी बसली होती तिथं नेऊन दाखवलं. माझे थोरले दीर कमिटीचे अध्यक्ष. ती त्यांना मोठे बाबा म्हणते, तिला कडेवर खेळवलेला माणूस, माझे मालक गेल्यावर आम्हाला त्यांचाच आधार. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "लाल कशापायी? जयंती हाय. सगळा निळा पायजे."

"मोठे बाबा, सगळा निळा केला तर लांबून तोंड कुठं अन् शेपूट कुठं मला कळणार न्हाई. त्याचं तोंड माझ्याकडं असलं की डाव्याचं उजवं होतंय."

"पाखराच्या शेपटाला दिवा असतोय का?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. वर म्हणाले, "करून टाक की गं निळा. एवढ्याशासाठी वाद कशाला? मोठी माणसं म्हणून राहिलीत." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि केलं. लाल काढला, पांढरा काढला, सगळे दिवे निळे.

वस्तीमागचं तळं आटून आता नुसतं भेगांचं मैदान झालं आहे. संध्याकाळी तिथं सरावाला सगळी वस्ती लोटली. धुळीचा लोट उठला आणि त्यातून ते निळं निळं वर गेलं, तेव्हा आप्पा, खरंच सांगते, माझा ऊर भरून आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "लई ग्वाड दिसतंय गं माय." ते तळ्याच्या पार पलीकडं गेलं, ठिपक्याएवढं झालं, आणि परत वळलं की नाही हे आम्हाला कळेना. पोरीचा चेहरा मी बघत होते. तिचे अंगठे क्षणभर थांबले. मग आवाज वाढू लागला आणि आम्हाला दिसलं की ते आमच्याकडंच येत आहे. ती बाजूला न्यायला गेली तर ते आणखी गर्दीकडं आलं. ती ओरडली, "खाली बसा!" आणि तिनं सगळी मोटारच बंद केली. आमच्यापासून चार पावलांवर ते दगडासारखं पडलं. पंख्याचा एक तुकडा उडून बांधावर जाऊन आपटला. तिथं पोरं बसली होती, पण कोणाला लागलं नाही.

दीर म्हणाले, "हात बसला न्हाई अजून. पातं बदल, उद्या परत कर."

ती म्हणाली, "न्हाई."

एवढ्या लोकांत, आप्पा. ते थोरले, अध्यक्ष, आणि ही काल शाळेतून सुटलेली पोर. "शेपटाला लाल असंल तर उडवीन, मोठे बाबा. सगळं निळं असंल तर मी न्हाई उडवणार. दुसरं कोणी बघा." कोणी हसलं नाही. दीर तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याकडं वळले. "मास्तरीणबाई, हेच शिकवलं का तुम्ही?" मी मान खाली घातली. माझ्या पोरीची मला तेव्हा लाज वाटली.

घरी आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. लहान तोंडी मोठा घास, ज्यांनी वाढवलं त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, आणखी काय काय. ती माठाला टेकून बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, ते यिऊन राहिलं का जाऊन राहिलं, मला कळत नव्हतं. कळत नसताना मी कसं उडवू? समोर पोरं होती." तिचा आवाज चढलेला नव्हता. आणि तिथंच, ओट्यापाशी उभी असताना, मला तुम्ही खांबाखाली उभे दिसलात.

मग मी तिला सांगितलं. आजोबा शॉक लागून गेले एवढंच तिला माहीत होतं. नव्या जिल्ह्याची सभा होती, पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या होत्या आणि मंडपाची लाईन येईना. डीपी लांब, पार मळ्यात. साहेबांनी दुसऱ्याच कोणाला पाठवून लाईन बंद करवली होती. तुम्ही म्हणालात, "साहेब, मी सोता जाऊन येतो, फ्यूज घिऊन येतो." साहेब म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" खांबाखाली उभ्या असलेल्या तुमच्या जोडीदारानं हे आईला सांगितलं, मी दाराआड होते. तुम्ही चढलात. आणि मळ्यातल्या विहिरीवर सकाळपासून खोळंबलेल्या माणसानं, गेली असेल नेहमीसारखी म्हणून, डीपीतच काढून ठेवलेला फ्यूज बसवला. त्याचंही काय चुकलं? जनावरं तहानलेली होती. साहेब दुसऱ्या दिवशी आपल्या दारात आले. आईनं त्यांना चहा केला. आम्हाला म्हणाली, पाया पडा, आणि आम्ही ओळीनं पडलो.

पोरीनं उठून माठातलं पाणी मला दिलं. मग म्हणाली, "विश्वासाचा काय संबंध? फ्यूज दाखवा म्हणायचं." इतकं सोपं! मी तिला सांगितलं की तुला नाही कळायचं. आपल्या लोकांत पहिली सरकारी नोकरी त्यांची. अंगावर खाकी आली तेव्हा आळीत सगळे बघायला आले होते. साहेबानं नावानं हाक मारली तर त्याचंसुद्धा अप्रूप होतं. अशा माणसानं साहेबाला म्हणायचं, दाखवा? ती म्हणाली, "हाव, मग मेले." आणि मग तिलाच रडू आलं, आणि तिनं माझा हात धरला.

जयंतीला हेलिकॉप्टर उडालं नाही. दिरांनी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबूला बांधायला लावलं, सगळे दिवे निळे, जागच्या जागी चमकत. छान दिसत होतं. पोरगी पांढरा ड्रेस घालून मिरवणुकीत शेवटपर्यंत चालली, मोठ्या बाबांच्या पाया पडली, त्यांनी पाय मागं घेतले. तिला वाईट वाटलं, मला दिसलं. पण तिनं मला ते म्हणून दाखवलं नाही आणि आपलं चुकलं असंही म्हणाली नाही. मी मात्र दोन्हीकडं तोंड देत बसले आहे. उन्हाळा सरत आला, दीर अजून दारावरून जातात आणि आत येत नाहीत.

आप्पा, इतकी वर्षं मी पोरांना वर्गात तुमची गोष्ट सांगत आले, नाव न घेता. एक माणूस होता, त्यानं कधी कोणाचा शब्द मोडला नाही. तेवढ्यापुरती पोरं चिडीचूप व्हायची. यंदा ती गोष्ट मला सांगवली नाही. साहेबाचा राग मी लहानपणीच करून संपवला. आता तुमचा येतो. तुम्हाला माहीत होतं. अख्ख्या तालुक्यात तुमच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. एकदा मोडायचा होता शब्द. नोकरी गेली असती, आपण उपाशी मेलो नसतो. हे कागद कोणाला द्यायचे नाहीत, तुम्हाला तर देताच येत नाहीत, तरी लिहिते आहे.

तिला सोडायला स्टँडवर गेले होते. भोकरची गाडी लागली, तिनं बॅग वर टाकली आणि खिडकीपाशी बसली. मी काचेवर हात ठेवून काय म्हणाले माहीत आहे? "नीट राहा. साहेब लोकांचं ऐकून राहा." तोंडातून निघूनच गेलं, आईच्याच आवाजात. ती नुसती हसली. गाडी हलली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, ऐकू नको गं, कोणाचं ऐकू नको. पण स्टँडवर ओळखीची माणसं होती. तिचा फोन आता रोज येतो. मी विचारते, जेवलीस का, पाणी आलं का. ते एक वाक्य मी अजून तिला बोललेली नाही.