खिशातला कॉम्प्युटर आणि बँडवाल्यांची कंबर

ती. मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

(पत्राचा मायना शाळेत पुढच्या वर्षी शिकवणार होते आणि मी आधीच शाळा सोडली, तेव्हा चूकभूल पोटात घाला.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आई ठीक, मी ठीक, फक्त तुम्ही दिलेला खिशातला कॉम्प्युटर अधूनमधून आजारी असतो. जुनं मशीन कसं चाललंय असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितोय. तोंडाने मला सांगता येत नाही. मागे फोनवर मी तुम्हाला "हं" म्हणालो होतो, ते पण आईने चिमटा काढला म्हणून.

तर पहिलं म्हणजे, खिशातला म्हणतात पण तो खिशात मावत नाही. मास्तरांनी (मी ज्यांच्या शिवणाच्या दुकानात आहे ते) माझ्या शर्टाला मोठा खिसा लावून दिला. आता शर्ट एका बाजूला लोंबतो आणि गिऱ्हाईक विचारतं, हा इथेच शिवला का? दुसरं, त्याच्या स्क्रीनवर टोचायची काडी लगेचच हरवली. सध्या काजं-बटणं करणाऱ्या मावशींच्या क्रोशाच्या सुईवर भागतंय. मग एकदा स्क्रीनवर फुल्या आल्या, म्हणे बरोबर मधोमध टोचा. मास्तर म्हणाले, "सरक, माझा हात स्थिर आहे," आणि बोटातलं शिवणाचं टोपण न काढताच टोचलं. तेव्हापासून जिथे टोचू त्याच्या बोटभर उजवीकडचं उघडतं. नीट करता येतं, पण आता दुकानात सगळ्यांना डावीकडे टोचायची सवय झालीय, कशाला उगाच.

पण मामा, काम सुखाचं आहे. मास्तर मापं ओरडतात, मी मशीनमध्ये टिपतो, कुणाशी बोलावं लागत नाही. नाहीतर मला इस्त्रीवर बसवतील. इस्त्रीचं टेबल दारातच आहे, येणारा-जाणारा थांबून गप्पा मारतो. विचार करूनच घाम येतो.

गेल्या आठवड्यात मशीन दुकानात ठेवून मी जेवून आलो, तर ते बंद आणि आत सेलच नाहीत. नवे आणून घातले, तर ते मला म्हणालं, तुमचं नाव काय? जशी काही आमची ओळखच नाही. तारीख बघितली तर माझ्या जन्माच्या आधीची. म्हणजे त्याच्या हिशोबाने मी अजून यायचा होतो. अख्ख्या बँडपथकाच्या गणवेशांची मापं त्यात होती, ती साफ गेली. (सेल काढून ठेवले की हे मशीन सगळं विसरतं.) तेवढ्यात डोक्यावर टिकटिक ऐकू आली. कधीचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मस्त चालत होतं. खाली मावशी खुशीत काजं करत होत्या. एक सेल घड्याळात, दुसरा राखीव म्हणून त्यांच्या बटणांच्या डब्यात.

मी मास्तरांना कोरी स्क्रीन दाखवली. मास्तर म्हणाले, "मापं तू घालवलीस, तूच घेऊन ये. नाहीतर उद्यापासून इस्त्री."

गेलो. बँडवाले एका शेडमध्ये सराव करत होते. कोपऱ्यात उभा राहून मी बारीक आवाजात विचारलं, मला पण ऐकू आलं नाही. मोठा ढोल वाजवणारे काका सगळ्यात जवळ होते. डोळे मिटले, मूठ आवळली, आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "काका, तुमची कंबर किती?"

नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

शेडमध्ये माझी "कंबर किती" चारी भिंतींना आपटून परत आली. काकांनी ढोल उतरवला, पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, ढोलामागे लपली होती ती! इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं." मग जे हसले! बासरीवाला म्हणाला, "आधी माझी घे, काकांची मोजेपर्यंत अंधार पडेल." मी टेप लावून सगळी मापं घेतली, शेवटी शेवटी तर "हात वर करा" असं मी स्वतःहून म्हणालो. इस्त्री टळली.

हात दुखला, थांबतो.

तुमचा,
(आता थोडंफार तोंड असलेला) भाचा

ता. क. येताना नवा फोन आणतो आणि हे डबडं भंगारात देतो, असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. तसं करू नका. फोनमध्ये बोलावं लागतं.

आणखी ता. क. आणायचंच असेल तर चावीवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ आणा आणि मावशींच्या हातात द्या, भेट म्हणून. सेल त्यांनी काढले हे मी कुणालाच सांगितलं नाही, त्यांना पण नाही. बँडवर ओरडणं वेगळं, मावशींना सांगणं वेगळं.

शेवटचा ता. क. जरा लवकर या. घड्याळ पुन्हा बंद पडलंय (दोन्ही जुने सेल संपले) आणि मावशी माझ्या खिशाकडे बघतायत.