रिकाम्या वॉर्डातलं रडणं

४ जुलै
आज रुजू झालो. एकेकाळी खांबावर चढणारा वायरमन इस्पितळाच्या देखभालीचा साहेब झाला, दारावर पाटीसुद्धा लागली. बाळांच्या वॉर्डात माझीच लेक सिस्टर आहे. तिने चारचौघांत मला साहेब म्हटलं आणि जाता जाता कानात सांगितलं, की साहेबांनी शर्ट उलटा घातलाय. तिची आई गेल्यापासून मला बोलणारं हे एकच माणूस उरलंय. तिच्यासाठीच ही नोकरी धरली.

७ जुलै
नदी कुंपणाला लागून आहे. बाळांचा वॉर्ड तळमजल्यावर, जनरेटर त्याच्याही खाली. पूर आला तर आधी वीज जाईल, मग वॉर्ड. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, वर पैसेवाल्या रुग्णांसाठी फरशा बसताहेत, वॉर्ड हलवायचं पुढच्या वर्षी बघू. मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, हे पुढचं वर्ष मी नोकरीला लागल्यापासून येतंय.

१५ जुलै
वॉर्डात औषधफवारणी होती, बाळं वर हलवली होती. तेवढ्यात पुराची तालीम उरकली. दोन सिस्टर, दोघींना चार-चार खिशांचे ॲप्रन, खिशात बाळांऐवजी वाळू भरलेल्या बाहुल्या. मेट्रनबाईंचं म्हणणं, बाळं कधी कधी आठाहून जास्त असतात, बाहुल्या वाढवा. मी म्हटलं, पहिल्याच परीक्षेत नापास कशाला व्हायचं? सगळं झकास झालं. फोटो निघाले.
वॉर्ड रिकामा झाल्यावर माझ्या वॉकीटॉकीवर एक बाळ रडलं. बारीक, दमलेलं. खाली धावलो. कोणी नव्हतं. सिस्टरांचा सेट तेवढा टेबलावर चालू राहिला होता.

२९ जुलै
पुन्हा फवारणी, पुन्हा तालीम, पुन्हा तेच रडणं. लेकीच्या कानाला सेट लावला. तिला नुसती खरखर ऐकू आली. बाबा, तुम्हाला मुंगीचं शिंकणंही ऐकू येतं, म्हणाली. मी हसलो. पण जळू लागलेली मोटर मी भिंतीपलीकडून ओळखत आलोय. हे कान फसत नाहीत.

१२ ऑगस्ट
तिसरी तालीम. आज रडता रडता गुळणी केल्यासारखा आवाज आला, मग काही नाही. सेट दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, लहरी मिसळतात, कुठल्यातरी घरातलं बाळ असेल. पटलं नाही, पण धरून ठेवलं. आता रडू आलं की आवाज बारीक करायचा.

२० ऑगस्ट, दुपार
वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. पाणी तळघरात शिरलं, जनरेटर गेला. सिस्टरांनी ॲप्रन भरले, फळ्यावर लिहिलेली आठही बाळं वर आणली. मोजली, पुरी भरली. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला –
सेट रडायला लागला.
या वेळी तिलाही ऐकू आलं. मी म्हटलं, हे नेहमीचंच आहे, लक्ष देऊ नकोस. आवाज बारीक केला.
ती बाळं गुंडाळत राहिली. मग हात थांबले. आत्ताच एक बाळ दाखल झालं होतं, म्हणाली. गरम पेटीत. फळ्यावर लिहायचं राहून गेलं.
तेवढा वेळ – मी घालवला –

जिन्यावर
ती बाळासाठी वॉर्डात गेली आणि पाण्याने दार दाबलं. उघडत नाही. माणसं पहार आणायला गेलीत. दारावरच्या झडपेतून तिने बाळ बाहेर दिलं. रडतंय, जिवंत आहे. मेट्रनबाई वर घेऊन गेल्या. झडपेतून ती मावत नाही.

वॉर्डातल्या सेटवरून बोलतेय. लिहून घ्या, म्हणते. ड्यूटी सोपवताना सिस्टर सांगतात तसं –
दूध थोडं थोडं. मधे थांबायचं.
डाव्या कुशीवर निजवायचं.
आई अजून शुद्धीवर नाही. जागी झाली की आधी बाळ छातीशी द्यायचं, मग बोलायचं.

पहार येतेय म्हटलं. हो म्हणाली. पाणी गळ्याशी –

बाळाचं झालं, म्हणते. आता तुमचं. लिहा, बाबा.
रक्तदाबाची गोळी जेवणानंतर. एकटे आहात म्हणून जेवण टाळायचं नाही. आणि रात्री झोप नाही लागली तर –